वरसाव्याचं वाफेचं इंजिन

नवरदेव घोड्याऐवजी वाफेच्या इंजिनावर बसून मांडवात येणार होता, आणि ते इंजिन चालू करून द्यायला मला बोलावलं होतं.

विचित्र गिऱ्हाइकं मला नवी नव्हती. मी बॉयलर मेकर. नावात बनवणं असलं तरी माझं बहुतेक आयुष्य दुसऱ्यांनी बनवलेले बॉयलर दुरुस्त करण्यात गेलं. एका डाइंगवाल्याने सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांड्याला विटा टांगून ठेवल्या होत्या. व्हॉल्व्ह सारखा उघडतो आणि वाफ फुकट जाते, अशी त्याची तक्रार. त्या विटा मी उतरवल्या तेव्हा तो माझ्यावर चिडला. एका लॉन्ड्रीच्या मालकीणबाई बॉयलरला रोज उदबत्ती ओवाळायच्या आणि आत पाणी मात्र बोअरवेलचं, खारट घालायच्या. भाईंदरला केबिन रोडजवळच्या आमच्या सोसायटीत तर बॉयलर म्हणजे गिझर, असंच सगळे धरून चालतात. थंडी पडली की कोणीतरी बेल वाजवतं. मी जाऊन बघूनही येतो.

पण माझं मन खरं रमलं ते टँक इंजिनांत. तरुणपणी मी साखर कारखान्यांची कामं करायचो. तेव्हा उसाच्या डब्यांची ने-आण अरुंद रुळांवरून व्हायची आणि डबे ओढायला छोटी इंजिनं असायची. मोठ्या रेल्वे इंजिनामागे कोळशा-पाण्याचा वेगळा डबा असतो. या छोट्यांना तो नसतो. पाणी आणि कोळसा अंगावरच वागवायचा. पाण्याची टाकी कधी दोन्ही कुशींना, तर कधी घोड्यावर खोगीर टाकावं तशी बॉयलरच्या पाठीवर. पाण्याचं वजन चाकांवरच पडतं, त्यामुळे चाकं रुळावर घट्ट धरतात, आणि मागे डबा नसल्याने इंजिन पुढे-मागे दोन्हीकडे सारखंच पळतं. कारखान्याच्या आवारात आणखी काय हवं असतं?

पुढे कारखान्यांनी ट्रॅक्टर घेतले, रूळ उखडले, आणि त्यातली कित्येक इंजिनं मीच गॅसकटरने कापली. कापायलाही त्यातलं कळणारा माणूस लागतो. पोटाचं काम होतं, केलं. पण त्या दिवसांत मी घरी येऊन कोणाशी बोलत नसे, असं आमच्या सौ. सुनंदाबाई अजून सांगतात.

म्हणून वरसाव्याच्या खाडीकाठच्या एका गार्डन हॉलमध्ये टँक इंजिन उभं आहे असं कळलं, तेव्हा मी दुसऱ्याच सकाळी निघालो. सोबत अंतोनला घेतलं. अंतोन उत्तनचा. घरची मासेमारी भावांवर सोडून तो जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेला आणि वाफेवर चालणारी शेवटची जहाजं भंगारात जाईपर्यंत तिथे राहिला. नंतर आम्ही दोघांनी मिळून भाईंदर पूर्वेला एक गाळा घेतला. बोलायला कमी, कामाला पक्का. आता आम्ही दोघेही सत्तरीला टेकलोय.

हॉलचे मालक दीपकशेठ गेटपर्यंत सामोरे आले. पांढरे कपडे, हातात दोन फोन. इंजिन त्यांनी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून आणलं होतं, आणि लॉनभोवती अंडाकृती रूळही टाकून घेतले होते. इंजिनाला सोनेरी रंग मारलेला. धुराड्यात लग्नात वापरतात ते धुराचं मशीन बसवलेलं. मला बघताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हे पेट्रोलवर करायचं की डिझेलवर?

मी म्हटलं, कोळशावर. ते थोडे हिरमुसले.

रंगाखाली इंजिन मात्र देखणं होतं. दोन फुटी रूळ, चार चाकं, चारही एकमेकांना दांड्यांनी जोडलेली. सिलिंडरचा व्यास सात इंच, दट्ट्याची धाव बारा इंच, चाकं दोन फुटांची. बॉयलरचा कामाचा दाब चौरस इंचाला एकशे साठ पौंड. पाठीवर खोगिरासारखी टाकी, तीत दोनेकशे गॅलन पाणी. सगळं भरून वजन आठ टनांच्या आसपास, आणि ओढ दीड टनाची. हे आकडे वाचायला रुक्ष वाटतील, पण मला त्यातून अख्खं इंजिन दिसतं. एवढ्या ओढीत ते सपाटीवर शंभरेक टन ऊस हलवू शकतं, आणि अंग इतकं आखूड की लॉनच्या वळणावर सहज वळावं. शेठना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, नवरदेव कुठे बसेल?

आम्ही कामाला लागलो. इंजिनाचं फायरबॉक्स म्हणजे बॉयलरच्या आतली आगीची खोली. तिच्या भिंतींपलीकडे आणि छतावर पाणी असतं. आग आणि पाणी यांच्यामध्ये पोलादाची एक प्लेट, बस. ती प्लेट दाबाने आत फुगू नये म्हणून तिला बाहेरच्या प्लेटशी शेकडो बोल्टांनी बांधून ठेवलेलं असतं. त्या बोल्टांना आम्ही स्टे म्हणतो. अंतोन बाहेर राहिला. मी कोळसा टाकायच्या दारातून आत शिरलो आणि हातोडीने एकेक स्टे वाजवत गेलो. धड असलेला स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात ओळीने बद्द, बद्द, बद्द. तिथेच प्लेट गंजाने इतकी खाल्लेली की हातोडीखाली दबत होती. दोन स्टेंच्या मध्ये केसासारखी एक चीर.

मी बाहेर आलो आणि शेठना सांगितलं, एवढा भाग कापून नवीन प्लेट बसवावी लागेल, स्टे बदलावे लागतील, ट्यूबा काढाव्या लागतील. त्यानंतर बॉयलर निरीक्षकांची तपासणी. लग्नाच्या तारखेपर्यंत हे होणार नाही.

शेठ हसले. त्यांना वाटलं मी काम वाढवून सांगतोय. "तावडेभाई, मुंबईला थोडंच न्यायचंय? लॉनवर एक चक्कर. पाच मिनिट का काम है. वरून वेल्डिंग मारून द्या."

मी त्यांना शक्य तितकं सोपं करून सांगितलं. घरी पाणी शंभर अंशांना उकळतं. बॉयलरमध्ये दाबाखाली तेच पाणी पावणेदोनशेच्या वर जातं आणि तरी पाणीच राहतं, कारण दाबाने त्याला धरून ठेवलेलं असतं. प्लेट फाटली की दाब गेला, आणि दाब गेला की ते पाणी एका क्षणात वाफ होऊ बघतं. वाफेला पाण्याच्या शेकडो पट जागा लागते. ती जागा ती स्वतः करून घेते. समोर नवरदेव असो की बँडवाले.

शेठ ऐकत होते, पण त्यांची नजर फोनवर होती. पत्रिकेवर इंजिनाचं चित्र छापून झालं होतं. दोन दिवसांनी मला कळलं की त्यांनी दुसरा वेल्डर बोलावला आहे आणि त्याने एका दिवसात काम करून देण्याचं कबूल केलं आहे.

सुनंदा म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात, तुमची जबाबदारी संपली. मला ते पटेना. अंतोनला फोन केला तर तो म्हणाला, "तावडे, आपण प्लेट बघितली हाय. आता न्हाय बघितली असं कसं?" आम्ही पुन्हा वरसाव्याला गेलो.

या वेळी शेठ सामोरे आले नाहीत, लॉनमध्येच उभे राहिले. वेल्डर अजून यायचा होता. लॉनमधल्या खुर्चीवर त्यांची मुलगी किंजल बसली होती, जिचं लग्न होतं ती. फिजिओथेरपिस्ट आहे, मीरा रोडला तिचं क्लिनिक. मी तिच्यादेखत शेठना म्हटलं, मला एकच गोष्ट करू द्या. बॉयलरमध्ये थंड पाणी गच्च भरतो आणि हातपंपाने दाब देतो. आग नाही, वाफ नाही. थंड पाणी फुगत नाही, त्यामुळे काही फाटलं तरी फक्त गळेल आणि दाब उतरेल. धोका नाही. ही चाचणी कामाच्या दाबाच्या दीडपट करायची असते. तुमचा बॉयलर तिथपर्यंत गेला तर मी हात जोडतो आणि घरी जातो.

शेठ नाहीच म्हणणार होते. किंजल म्हणाली, "पप्पा, पानीच है ना. करू द्या त्यांना."

आम्ही पाणी भरलं, वरच्या नळातून हवा काढली. अंतोन पंपावर उभा राहिला. काटा हळूहळू चढू लागला. मी फायरबॉक्सच्या दारातून टॉर्च आत धरला आणि किंजलला माझ्याशेजारी बसून बघायला सांगितलं. शेठही मागून वाकले. सुरुवातीला काहीच झालं नाही. काटा चाळिसावर, साठावर. चिरेच्या कडेला पाण्याचा एक मणी आला, मग दुसरा. शेठ म्हणाले, इतकंच ना? काटा ऐंशीला पोचत होता, म्हणजे कामाच्या दाबाच्या निम्म्याला, आणि तेवढ्यात आतून कापड फाटल्यासारखा आवाज आला. ती चीर बोटभर उघडली. पाण्याचा पट्टा समोरच्या भिंतीवर आपटून दारातून बाहेर आला आणि आम्ही तिघेही भिजलो. अंतोनचा काटा शून्यावर.

किंजलने ओढणीने तोंड पुसलं आणि विचारलं, "काका, हे गरम असतं तर?"

मी म्हटलं, "तर आपण इथे नसतो."

ती उठली आणि वडिलांना म्हणाली, रोहन गाडीतून येईल. रोहन म्हणजे नवरदेव. शेठ तिथून निघून गेले. मला पाणीसुद्धा विचारलं नाही. लग्न झालं. इंजिन फुलांनी सजवून जागेवर उभं केलं होतं आणि लोकांनी त्याच्यासमोर फोटो काढले, असं नंतर कानावर आलं. आम्हाला बोलावणं नव्हतं.

मला वाटलं, हे प्रकरण इथेच संपलं. असली कामं मी पुष्कळ सोडली आहेत आणि दुसऱ्या कोणीतरी ती वाईट केलेलीही बघितली आहेत. पण लग्नानंतर काही आठवड्यांनी किंजल स्वतः आमच्या गाळ्यावर आली. इंजिन नीट करायचं आहे, तुम्ही म्हणाल तसं आणि म्हणाल तितक्या वेळात, म्हणाली. पप्पांचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, पप्पांनीच पाठवलंय, पण ते स्वतः येणार नाहीत.

मग ते काम सुरू झालं. खोगीर टाकी क्रेनने उचलून लॉनवर ठेवली. सोनेरी रंग खरवडला. त्याखाली काळा, त्याखाली हिरवा. सगळ्या ट्यूबा काढल्या. आगीचा धूर या ट्यूबांतून पाण्याच्या मधून जातो आणि पाणी तापवतो. काढल्या तेव्हा निम्म्यांवर क्षाराचा जाड थर होता. खराब प्लेट कापली. नवीन प्लेट बॉयलरच्याच प्रतीची हवी होती. बाजारात तशीच दिसणारी साधी प्लेट लगेच मिळत होती. आम्ही थांबलो. मिळाली ती चाचणीच्या दाखल्यासकट मिळाली.

या वयात फायरबॉक्समध्ये शिरणं सोपं नाही. दार एवढंसं, आधी हात, मग डोकं, मग अंग तिरकं करून. आत बसलं की गुडघे छातीला लागतात. रात्री कंबर धरून झोपायचो. सुनंदा शेक द्यायची आणि म्हणायची, अंतोनला पाठवा. पण अंतोनचं पोट त्या दारातून जात नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. स्टे बसवून होत आले तेव्हा बॉयलर निरीक्षक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. त्या सलवार सावरून स्वतः आत शिरल्या, सगळं तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, नवीन प्लेटशेजारची जुनी ओळही बदला. ते स्टे वाजवले तर खणखणत होते. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, आज खणखणतायत. पण शेजारच्या तुटलेल्या ओळीचा ताण इतकी वर्षं त्यांनी एकट्यांनी सोसलाय, त्यांचा भरवसा मी देणार नाही. मला राग आला. आठवडाभर आणखी आत बसायचं होतं. ते स्टे काढून कापून बघितले, तर त्यातल्या दोन स्टेंच्या पोटात बारीक चिरा होत्या. बाईंना मी फोन करून सांगितलं. त्या नुसतं 'बरं झालं' म्हणाल्या. आपल्यामागे हे काम समजणारं कोणी नाही असं मी बरेच दिवस म्हणत फिरायचो. त्यानंतर म्हणणं बंद केलं.

थंड पाण्याची चाचणी आता दीडपट दाबाला पार पडली. एक मणीसुद्धा आला नाही. मग आग पेटवून पहिल्यांदा चालवून बघायचा दिवस ठरला. आम्हाला ते गुपचूप करायचं होतं. पण किंजलने शेठना सांगितलं, आणि शेठनी नातेवाईक बोलावले. लॉनभर खुर्च्या मांडल्या. ऊन चांगलंच होतं.

सकाळपासून हळूहळू दाब चढवला. इंजिन जागेवर पुढे-मागे हलवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बॉयलरमधलं पाणी खर्ची पडू लागलं, तशी मी इंजेक्टर उघडला. इंजेक्टर म्हणजे बॉयलरच्याच वाफेच्या जोरावर टाकीतलं पाणी बॉयलरमध्ये ढकलणारं पितळी यंत्र. त्यात वाफ थंड पाण्याला भेटते, क्षणात आकसते आणि पाण्याला घेऊन आत घुसते. पण पाणी थंड असेल तरच. या इंजिनाची टाकी गरम बॉयलरच्या पाठीवर, वरून ऊन, आणि आमचं पाणी सकाळपासून तिथेच तापत होतं. इंजेक्टरने पाणी घेतलं नाही. नुसती वाफ आणि कढत पाणी खाली ओकत राहिला. दुसरा इंजेक्टर उघडला. त्याचंही तेच.

समोर काचेची नळी असते, तीत बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दिसतं. ते उतरत होतं. पाणी फायरबॉक्सच्या छताखाली गेलं तर छत उघडं पडून लाल होतं. तिथे शिशाचा एक बूच असतो, तो वितळून आगीवर वाफ सोडतो. पण तिथवर येऊ देणारा माणूस बॉयलरवर उभा राहायच्या लायकीचा नाही. अंतोनने हवा येण्याची झडप बंद करून आग दाबली आणि फावडं हातात घेतलं. मी काचेवर बोट ठेवून म्हटलं, पाणी इथे आलं की आग बाहेर ओढायची, मग कोणी काही म्हणो.

"इथवर येण्याआधीच काढीन," अंतोन म्हणाला. "पण आधी टाकी थंड करू. बर्फ हाय काय यांच्याकडे?"

शेठ पुढे आले होते. त्यांनी काय झालं ते विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं आणि म्हटलं, कदाचित आज चालणार नाही. त्यांच्यामागे सगळे पाहुणे बघत होते. मला वाटलं आता ते पुन्हा 'पाच मिनिट का काम' म्हणतील. ते वळले आणि स्वयंपाकघराकडे धावले. परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी होती. पांढरा शर्ट पाठीवर भिजलेला. मागून आचारी, माळी, वाढपी, सगळे बर्फ घेऊन. किंजलने बागेचा पाइप आणून टाकीत सोडला. लादी फरशीवर फोडून तुकडे टाकीच्या तोंडातून आत टाकायला सुरुवात झाली. मी इंजेक्टरवर ओला गोणपाट गुंडाळला.

काचेतलं पाणी माझ्या बोटापासून दोन बोटं वर होतं. अंतोन आगीसमोर फावडं धरून तयार. मी टाकीला हात लावून बघत राहिलो. चटका कमी झाला. आणखी बर्फ. आणखी. मग टाकीखालचा पाइप हाताला गार लागला तशी मी वाफ उघडली. इंजेक्टर थुंकला, अडखळला, परत थुंकला आणि मग एकदम सूं करून पाणी घेतलं. खालची गळती बंद. आम्ही दोघे काचेकडे बघत बसलो. पाणी थरथरलं आणि वर सरकायला लागलं. अंतोनने फावडं खाली ठेवलं.

पाणी पुरेसं वर आल्यावर आम्ही लॉनभोवती एक चक्कर मारली. चालवायला किंजलला उभं केलं. माझा हात तिच्या हाताशेजारी, वाफ कमी-जास्त करायच्या रेग्युलेटरवर. इंजिन वळणावर जराही कुरकुरलं नाही. ज्यांनी बर्फ वाहिला ते आचारी आणि माळी इंजिनामागे जोडलेल्या छोट्या डब्यात बसले होते. किंजलने त्यांना आधी बसवलं, पाहुण्यांना नंतर.

चक्कर संपल्यावर पाहुणे जेवायला गेले. आम्ही आग विझवली. शेठ अजून ओल्या शर्टातच होते. त्यांनी विचारलं, दुसरी चक्कर कधी?

मी म्हटलं, आज नाही. बॉयलर आपोआप थंड व्हायला हवा, घाईने पाणी मारून नाही, नाहीतर प्लेट आणि ट्यूबा आकसून सांधे सुटतात. पूर्ण थंड झाला की मी आत जाऊन बघेन, मग सांगतो.

"किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा."

शेठनी एक खुर्ची ओढली आणि इंजिनाशेजारी मांडून बसले. दोन्ही फोन वाजत होते, ते त्यांनी मुलीकडे दिले. खाडीवरून वारा येत होता. अंतोनने त्यांना अर्धा कप चहा ओतून दिला. उन्हं उतरेपर्यंत शेठ तिथून उठले नाहीत. मधूनमधून हात पुढे करून ते पत्र्याची धग बघत, आणि हात मागे घेऊन पुन्हा बसून राहत.